पाळण्याची टकटक

मला जुन्या वस्तू दुरुस्त करायचा नाद होता. धुळ्यात आमचं भाड्याचं दोन खोल्यांचं घर आणि मागे छोटं अंगण. त्या अंगणात कान तुटलेलं घंगाळ, दात पडलेली किसणी, एक पाय लंगडा झालेला चौरंग अशी मंडळी माझी वाट बघत बसलेली असायची. कचेरी सुटली की मी चहा घेऊन थेट त्यांच्याकडे जायचो. बायको म्हणायची, "या घरात मान हवा असेल तर आधी मोडावं लागतं." तिचं काही चुकत नव्हतं.

स्वभाव माझा तापट. त्यातही एका गोष्टीवर डोकं हमखास फिरायचं. जुन्या लाकडात कुणी लोखंडी खिळा ठोकलेला दिसला, की ठोकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय मला तो उपटता येत नसे. आधीच्या सुताराने महिनाभर डोकं चालवून लाकडात लाकूड अडकवलेलं असतं, आणि कुणीतरी येतो आणि दोन मिनिटांत खिळा मारून मोकळा होतो. मला तो त्या सुताराचा अपमान वाटायचा. अजूनही वाटतो.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. धाकटी बहीण बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. आई माझ्याजवळच राहत होती, म्हणून माहेर म्हणजे धुळ्याचंच घर. बहिणीचं सासर जळगावजवळ असोद्याला. केळीच्या बागा, भरलं घर, माणसं चांगली. आल्या दिवशी तिने पाण्याचा पेला हातात घेतला आणि पहिली गोष्ट विचारली ती ही : "भाऊ, आपला शिरपूरना पाळणा शे ना अजून?"

आई आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तिचं हे दुसरं मूल होतं.

पहिला मुलगा. त्याचं बारसं आमच्याकडेच झालं, मग ती त्याला घेऊन असोद्याला गेली. सासऱ्यांनी हौसेने जळगावहून लोखंडी पाळणा आणला होता. पांढरा रंग, चाकाला असतात तसे छर्रे बसवलेले, बोट लावलं की झुलायचा. गावातली माणसं बघायला यायची. त्या उन्हाळ्यात एका दुपारी घरातल्या बायका मागच्या अंगणात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. ज्वारीचं शिजवलेलं पीठ गरम असतानाच थापावं लागतं, मध्येच उठता येत नाही. बहीणही त्यांच्यात होती. हातातलं संपवून ती आत गेली, तेव्हा गोधडी बाळाच्या तोंडावर आलेली होती.

तिला कुणी बोल लावला नाही. नशीब म्हणाले, नजर म्हणाले. "कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं," असं ती मला एकदाच म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय बंद केला तो केलाच.

तेव्हा शिरपूरचा पाळणा तिला का हवा, हे आम्हाला न सांगता कळलं, असं आम्हाला वाटलं. आई म्हणाली, "त्या पाळणामा बठ्ठा घरना पोरं वाढनात. एकबी गया नही." म्हणजे पाळणा गुणाचा. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण पोटुशी बाईशी वाद घालू नये एवढी अक्कल होती. रविवारी उठून शिरपूरला गेलो. काकांच्या घराच्या माळ्यावरून पाळणा उतरवला, सुटा करून पोत्यात बांधला आणि एस.टी.च्या टपावर चढवला. कंडक्टर म्हणाला, "पाळणा शे का? मग अर्धं तिकीट लागी." गाडी हसली. मीही हसलो, पण सगळा रस्ता माझं लक्ष टपावरच होतं.

अंगणात पोतं सोडलं आणि मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. सागाचे दोन खांब, आणि त्यांच्यामध्ये लाकडी आसावर झुलणारी बाळाची पेटी. पेटीच्या चारी बाजूंना कातलेल्या बारीक दांड्या. त्यांच्यावर लाखेचे लाल, पिवळे, हिरवे पट्टे. चिंधीला थोडं तेल लावून चोळलं, तर माळ्यावरच्या काळ्या थराखालून रंग जसाच्या तसा वर आला. सगळ्या पाळण्यात मूळचा खिळा एकही नाही. आडव्या लाकडाला पुढे जीभ काढलेली, ती उभ्या लाकडाच्या खाचेत गेलेली, आणि वरून एक पाचर. वजन जितकं पडेल तितकी ती पाचर आवळत जाणार. पणजोबांच्या वेळी कुणा सुताराने हे केलं. त्याचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. त्याने स्वतःची म्हणून एक खूणसुद्धा ठेवली नव्हती, आणि मला त्याचा थोडा राग आला.

एक खांब मात्र उभा चिरलेला होता, आणि त्यात खिळा. मी माझं नेहमीचं पुराण म्हटलं. खिळा उपटला, चिरेत सरस भरला, सागाची पातळ पट्टी बसवली, दोरीने आवळून ठेवला. पुढचे बरेच दिवस मी त्या पाळण्यातच होतो. कचेरीत फायलीवर सही करतानाही डोळ्यांपुढे खांब.

शेवटी राहिली वळी. आस खांबात जातो तिथे दोन्ही बाजूंना शिसवीचं एकेक वळं होतं, मुठीत मावेल एवढं. एक फुटून त्याचे दोन तुकडे झालेले. दुसरं धड होतं, पण त्याचं भोक पार सैल पडलेलं. धड गोलही राहिलं नव्हतं. लहानपणी हा पाळणा टकटक वाजायचा, ते मला पक्कं आठवत होतं. बहीण पाळण्यात असताना मीच तर दोरी ओढायचो. म्हातारं लाकूड, झिजलेली वळी, कुरकुरणारच. मी दोन नवी वळी केली. आसावर घट्ट बसणारी, आतून मेण लावलेली. हे काम इतकं नेमकं झालं की मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "वळं आहे." दुसरं काय म्हणणार होती ती! जुनी वळी मी माझ्या मोडतोडीच्या डब्यात टाकली. त्या डब्यातून कधी काही बाहेर गेलेलं नव्हतं, आणि त्यावरून घरात भांडणंही झालेली होती.

पाळणा जोडून उभा केला. आता हलवून बघायचा, एवढंच राहिलं होतं. मी हात घातला आणि आई ओरडली.

"रिकामा पाळणा हालाडू नको!"

"अगं, पण चालतो का ते तरी बघू दे."

"बारशाले बघजो."

"मग त्यात ज्वारीचं पोतं ठेवतो."

"ज्वारीनं पोतं काय पोर शे?" असं म्हणून तिने पेटी दोन्ही खांबांना सुताच्या दोरीने बांधून टाकली. रिकामा पाळणा हलवला तर तो रिकामाच राहतो, हे आपल्याकडे प्रत्येक आईला ठाऊक असतं. एरवी मी आईशी चार शब्द भांडलो असतो. पण दारात बहीण पोटावर हात ठेवून उभी होती आणि माझ्या हाताकडे टक लावून बघत होती. मी हात काढून घेतला.

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्या आणि तिथून खरी धास्ती सुरू झाली. बहीण झोपेना. बाळ मांडीवरून खाली ठेवायला तयार नाही. ठेवलंच तर त्याच्या नाकाशी तळहात धरून बसायची. आईने घेतलं तरी हिचे डोळे मिटायचे नाहीत. बायको म्हणाली, "मी बसते, तुम्ही पडा थोड्या." ही पडायची, आणि जरा वेळाने बघावं तर डोळे सताड उघडे. दूध कमी व्हायला लागलं. पोरगी भुकेने रडायची आणि ही तिला छातीशी धरून स्वतःच रडायची. हे असं फार दिवस चालणार नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

रोज सकाळी ती बांधलेल्या पाळण्याजवळ यायची, खांबावर हात फिरवायची आणि मला विचारायची, "तयार शे ना, भाऊ?"

"तयार आहे. बारसं होऊ दे."

"मग मी निजसू," ती म्हणायची.

सगळं त्या पाळण्यावर येऊन ठेपलं होतं. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता, पण भीतीच वाटत होती. खांबाचा सरस धरेल का? वजन पडल्यावर पट्टी सुटली तर? आई दोरी सोडू देईना, आणि मी येता-जाता तो खांब बोटांनी दाबून बघायचो.

बारशाला असोद्याहून बहिणीची सासू आली. सोबत केळीचा भलामोठा घड, बाळंतविडा, चांदीचे वाळे आणि आणखी चार बायका. बाई उंच, आवाज भारदस्त. बोलायला लागल्या की बाकीचे आपोआप गप्प बसायचे. पाळण्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. "आमच्या घरचा पाळणा काय वाईट व्हता?" एवढंच म्हणाल्या. बहिणीने मान खाली घातली.

आधी वरवंट्याचा मान. वाटणाचा वरवंटा धुऊन, पुसून, त्याला अंगडं-टोपडं घालून बाळासारखं सजवलं. बायकांनी तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती दिला आणि पाळण्यात निजवला. मी दारात उभा होतो. आईने सुताची दोरी सोडली. सासूबाईंनी पाळण्याची दोरी ओढली, बायकांनी हलक्या आवाजात गाणं धरलं. मी खांबाकडे बघत होतो. खांब धरून राहिला. पाळणा झुलला, अगदी सहज, कसलाही आवाज न करता. मी बायकोकडे बघून भुवया उडवल्या.

"थांबा," बहीण म्हणाली.

गाणं थांबलं. बहिणीने बाळाला दोन्ही हातांनी छातीशी आवळलं होतं.

"आवाज कोठे गया?"

"कसला आवाज?" मी म्हणालो.

"हाऊ आपला पाळणा नही शे. मी हिले यामा ठेवाव नही."

मला राग आला. खरंच आला. इतके दिवस राबून मी तो पाळणा उभा केला होता, आणि चारचौघींत ही म्हणते हा आपला नाही. "आवाज काढूनच टाकलाय मी," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. "मुद्दाम. लोण्यासारखा चालतोय, बघ."

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"काय झालं वं?" सासूबाई पुढे आल्या. "वेळ चालली. पोरीले टाक पाळण्यात."

"नाही, आत्याबाई."

"इतक्या बाया बसल्या. तमाशा लावते का?"

बहिणीने वर पाहिलं. इतके महिने जे तोंडातून काढलं नव्हतं ते तिने तेव्हा काढलं, आणि तेही ज्यांच्यासमोर काढायचं नाही असं ठरवलं होतं त्यांच्यासमोर. ती म्हणाली, "त्यानं हातपाय झाडले असतील, आत्याबाई. पाळणा हलला असेल. मी मागंच होते, चुलीपाशी. दार उघडं होतं. तुमच्या पाळण्याचा आवाजच नव्हता. एकदा वाजला असता तरी मी उठले असते. पीठ टाकून उठले असते."

सासूबाईंच्या हातात पाळण्याची दोरी होती, ती तशीच राहिली.

मग आई बोलली, स्वतःशीच बोलावं तशी. "मी खळामा ऱ्हाऊ, तरी माले समजे. तुम्ही रडाना आधीच मी घरमा येऊ." इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. पाळणा वाजला की बाळ हललं, आणि ती खळ्यातून घरात. यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

गुणाचा पाळणा म्हणून नव्हे, वाजणारा पाळणा म्हणून बहिणीला तो हवा होता. आणि तो मी मुका करून ठेवला होता.

बायको आत गेली आणि माझा मोडतोडीचा डबा घेऊन आली. माझ्यापुढे जमिनीवर तिने तो पालथा केला. स्क्रू, कड्या, किल्ल्या सगळीकडे घरंगळल्या. त्यात ते धड राहिलेलं शिसवीचं वळं होतं. मी ते उचललं, दाराशी उजेडात नेलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं.

भोक गोल नव्हतं हे मला माहीत होतं. झीज म्हणून मी सोडून दिलं होतं. पण झिजलेलं लाकूड आतून गुळगुळीत असतं. इथे एका बाजूला आत बारीक, सरळ रेघा होत्या. पटाशीच्या रेघा. कडा तेवढ्या वापराने मऊ झाल्या होत्या. सुताराने आधी भोक गोल पाडलं होतं आणि नंतर हाताने, मोजून, एका बाजूला जागा सोडली होती. पाळणा झुलला की वळं त्या जागेत घसरावं आणि खांबाला लागावं म्हणून. ज्याच्या हातून इतक्या बारीक दांड्या सारख्या कातल्या गेल्या, त्याला एक भोक गोल पाडता आलं नाही असं मी मानून चाललो होतो. त्याच्या घरीही बायको मागच्या अंगणात काम करत असणार.

"किती वेळ लागीन?" सासूबाईंनी विचारलं. आवाज भारदस्तच होता, पण आता त्यात रागाचा लवलेश नव्हता.

"लागेल तेवढा," मी म्हणालो, आणि पटाशी आणली.

आस काढायचा तर पाचर काढायला हवी. ती मीच ठोकून बसवली होती, चांगली जोर लावून, कारण मला सैल काही खपत नाही. खालून लाकडी ठोकळ्याने ठोकायला लागलो. पाचर ढिम्म. आणखी जोरात ठोकलं, तर चिरलेल्या खांबातून बारीकसा कर्र असा आवाज आला. हात तिथेच थांबले. खांब उघडला तर आज काय, महिनाभर पाळणा उभा राहायचा नाही, आणि बहीण महिनाभर टिकणार नव्हती. बायकोने काही न विचारता दोन्ही हातांनी खांब आवळून धरला. आईने वरून आपला पदर गुंडाळून पक्का पकडला. मी हळू, एकाच जागी, ठोकत राहिलो. घामाने डोळे चुरचुरत होते. मध्येच पोरगी रडायला लागली, आणि बहिणीने तिला गप्प करायचासुद्धा प्रयत्न केला नाही.

पाचर सुटली. आस बाहेर आला. माझं ते नेमकं, मेण लावलेलं वळं काढून खिशात टाकलं आणि जुनं चढवलं. दुसऱ्या बाजूचं जुनं वळं फुटलेलं होतं, त्यामुळे तिकडे नवंच राहू दिलं. पाचर परत बसवली, या वेळी नुसती हाताने दाबून. पाळणा वजनाने तिला आपणच आवळून घेणार होता. तो पहिला सुतार हे सांगूनच गेला होता.

वरवंटा पुन्हा पाळण्यात ठेवला. सासूबाईंनी दोरी ओढली.

टक.

पूर्वी दोन्ही बाजूंनी वाजायचा, आता एकाच. पण तोच आवाज. आईने डोळ्यांना पदर लावला. मी बहिणीकडे बघितलं. मला वाटलं, झालं आता. ती उठली, पण पाळण्याकडे आलीच नाही. बाळ तिने सासूबाईंच्या हातात दिलं आणि ती मागच्या अंगणात गेली, चुलीपाशी. तिथून म्हणाली, "दार लावा."

आईने दार लावलं. सासूबाईंनी एका हाताने बाळ धरलं, दुसऱ्या हाताने दोरी ओढली. टक. टक. टक.

"इतकं नको," दाराआडून आवाज आला. "पोर हलवेल तेवढंच."

सासूबाईंनी दोरी सोडून दिली. वरवंट्याच्या टोपड्याजवळ त्यांनी एक बोट लावलं आणि पेटी जराशी ढकलली. बाळाने पाय झाडला तर हलेल, तेवढीच.

टक. अगदी हलका.

बाहेरून काहीच आलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं, जे मी एरवी घेत नाही. त्यांनी पुन्हा बोट लावलं. टक.

"आवाज उना," बहीण म्हणाली. "माले ऐकू येस."

दार उघडून ती आत आली. वरवंटा तिने स्वतः उचलला, मुलीला पाळण्यात ठेवलं आणि गोधडी मानेच्या खाली दाबून बसवली. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, सगळं व्हायचं तसं झालं. बायका निघाल्या तेव्हा बहीण पाळण्याशेजारी, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपली होती. तोंड उघडं, मान कलंडलेली.

मुलीने पाय झाडला. टक. बहिणीने लगेच डोळे उघडले.

सासूबाईंची सामानाची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. जळगावची गाडी धरायची म्हणून सोबतच्या बायका घाई करत होत्या. सासूबाईंनी त्यांना पुढे जायला सांगितलं, परत आत आल्या आणि पाळण्यापाशी फतकल मारून बसल्या.

"तू नीज," त्या बहिणीला म्हणाल्या. "मी ऐकत बसते."